चौतीस प्रगतिपत्रकं आणि एक 'तूच ठरव'

आमच्या घरात तत्त्वनिष्ठ असा मी एकटाच आहे, आणि घराचं आजवर जे काही नुकसान झालं ते बहुतेक त्यामुळेच झालं आहे.

तत्त्वं मला वारशात मिळाली. बाबा अहमदपूरच्या एका छापखान्यात कामाला होते. चळवळीचं एकही पत्रक त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय तालुक्यात वाटलं गेलं नाही. मी जन्मलो तेव्हा दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते, बाबांनी पत्रक वाटलं : 'एका नव्या कार्यकर्त्याचे आगमन!' नाव ठेवलं संघर्ष. (आई दारात उभी राहून "संघर्ष, घरी ये!" म्हणून ओरडायची, तेव्हा रस्त्यानं जाणारे दोघेतिघे तरी दचकून मुठी वळायचे.) मी मुळाक्षरं पत्रकांवर शिकलो. इतर पोरांचा 'अ' अननसाचा होता, माझा अन्यायाचा.

आई मात्र पत्रकांच्या नादी कधी लागली नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाव अहमदपूरपासून बारा किलोमीटर, शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन (ती आणि कदम सर), आणि तिच्या वर्गांत पोरं चौतीस. प्रत्येक पोराच्या प्रगतिपत्रकात 'वर्णनात्मक नोंद' लिहावी लागते, म्हणजे मूल कसं आहे ते चार वाक्यांत. आता बरेच गुरुजन ही वाक्यं तयार पुस्तकातून उतरवतात. असली पुस्तकं स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्यामुळे तालुक्यातली निम्मी पोरं दरवर्षी 'वर्गात लक्षपूर्वक ऐकतो' असतात. आई तसं करत नाही. तिची एक निळी वही आहे. वर्षभर जे दिसेल ते ती त्यात लिहिते आणि त्यावरून नोंद करते. त्यामुळे तिच्या नोंदीला गावात भलताच मान. बाईंनी लिहिलं म्हणजे खरं! लोक ती पत्रकं पेटीत जपून ठेवतात. एका सोयरिकीत तर मुलाकडच्यांनी 'चौथीतली बाईंची नोंद दाखवा' म्हणून अट घातली होती. पोरगी तेव्हा एम.ए. झालेली होती!

तर यंदा एप्रिलात तालुक्याच्या सगळ्या शिक्षकांना एक प्रशिक्षण झालं : 'मानव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : शिक्षणात हातात हात'. शहरातून एक टायवाले साहेब आले. पहिल्या वीस मिनिटांत वीज गेली. मग यंत्राविना उरलेल्या मानवांनी पोहे खाल्ले, हजेरीपटावर सह्या केल्या आणि घरी गेले. जाताना प्रत्येक शाळेला एकेक फ्लेक्स मिळाला. संगणक नाही, फ्लेक्स! त्यावर एक मानवी हात आणि एक लोखंडी हात एकमेकांत गुंतलेले. आमच्या शाळेनं त्याचा एकमेव शक्य तो उपयोग केला. पोरांना खिचडी खायला बसण्यासाठी तो ओट्यावर अंथरला. त्यावर कुणाचं तरी वरण सांडलं, आई घसरली आणि 'हातात हात' या शब्दांवरच तिचा उजवा हात मनगटात मोडला.

इथं माझं रक्त तापलं. तसंही ते महिनाभर तापतच होतं. लातुरात शिकवणीवाल्यांनी चौकाचौकात लावलं होतं : 'आता एआय शिकवणार, तुमचा मुलगा डॉक्टर होणार!' वर पांढऱ्या कोटातला यंत्रमानव, गळ्यात स्टेथोस्कोप. (डॉक्टर मुलगा होणार की यंत्रमानव, याचा खुलासा नव्हता.) ज्या शाळेत पंखा फिरत नाही तिथं यंत्रबुद्धी पाठवणाऱ्यांची ही टोळी उघडी पाडायलाच हवी होती. मी पत्रक लिहायला घेतलं : 'आपला मेंदू यंत्राकडे गहाण टाकू नका!'

नेमकं तेव्हाच आईनं प्रगतिपत्रकांचा गठ्ठा आणि निळी वही माझ्या टेबलावर ठेवली.

"संघर्षा, हात प्लास्टरात हाय. परवा निकाल. तू लिहिशील का रं? वहीत समदं हाय. वाचायचं, चार ओळीत बसवायचं. वाक्य जुळंना तर त्या फोनमधल्या मशीनला इचार. कदम सर म्हणले, चांगलं जुळवतंय."

"मशीनला? आई, तू हे बोलून राहिलीस?"

मग मी तिला चाळीस मिनिटं समजावलं. भांडवल, श्रमाची चोरी, विचारांची गुलामी. मध्ये दोनदा टेबलावर मूठही आपटली. आई शांतपणे डाव्या हातानं शेंगा फोडत होती.

"झालं?" ती म्हणाली. "मग हातानं लिही. पण वही बघून लिही. पोरांचं हाय ते."

मी तिला शब्द दिला. कार्यकर्त्याचा शब्द!

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला छापखान्यातून फोन आला : पाचपर्यंत मजकूर द्या, नाहीतर लग्नपत्रिका लागतील मशिनवर. माझा शेवटचा परिच्छेद उरला होता, तो गुलामीचा. आणि चौतीस पत्रकं कोरी. मी फोन हातात घेतला. (वाचकहो, इथं तुम्हाला माझा तिरस्कार वाटावा अशी माझी इच्छा आहे. सगळा आत्ताच संपवू नका, पुढं लागेल.) त्या यंत्राला मी नावांची यादी दिली आणि म्हटलं, प्रगतिपत्रकाच्या नोंदी लिही. त्यानं काहीतरी उलट विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं. चौतीस नोंदी टपाटप आल्या. त्या न वाचता मी त्या सुरेख अक्षरात उतरवल्या, कारण माझं डोकं गुलामीच्या परिच्छेदात होतं. निळी वही? ती पंख्याच्या वाऱ्यानं पत्रकाचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवली होती. वजन चांगलं होतं तिला.

आईनं चौतीस ठिकाणी डाव्या हातानं सही केली. "वाचू का?" तिनं विचारलं.

"आई! माझ्यावर विश्वास नाही?"

तिनं चष्मा परत डबीत ठेवला.

निकाल कदम सरांनी वाटला, कारण आई रजेवर. त्याच दिवशी मी अहमदपूरच्या बसस्थानकावर हजार पत्रकं वाटली. दोघांनीही आपापलं काम चोख केलं!

चौथ्या दिवशी गावातले लोक आईचा हात बघायला म्हणून येऊ लागले. पहिले गृहस्थ टरबूज घेऊन आले.

"बाई, आमच्या गण्याला बरोबर वळखलं तुम्ही! 'जलतरणात विशेष प्रावीण्य'!"

आईनं टरबुजाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. गण्यानं आयुष्यात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पाण्याचा टँकर.

"गण्या म्हणून राहिला, मला तलाव पायजे."

मग एक बाई आल्या. त्यांच्या पोराला 'प्रयोगशील, वैज्ञानिक दृष्टिकोन' मिळाला होता. पोरानं ते वाचून घरातली पाण्याची मोटार खोलली होती. ती आता टोपलीत होती. तिसरे आजोबा खूश होते की रागावलेले, ते कळेना.

"बाई, आमचा नातू जानेवारीतच मुरूडला बापाकडं गेला ना?"

"हाव, गेला की. नाव तेवढं पटावर राहिलंय."

"मग ह्यात लिवलंय, 'उपस्थिती नियमित, वर्गमित्रांशी मिळून मिसळून वागतो'. म्या म्हणलं, कोण मिसळून राहिलाय?"

आईनं डबीतून चष्मा काढून लावला. आजोबांच्या हातातलं पत्रक घेतलं. वाचलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो.

"बस खाली," आई म्हणाली.

मी बसलो. नाव संघर्ष असलं तरी काही लढाया मी लढत नाही.

तेवढ्यात ते टरबूजवाले सहज म्हणाले, "आन् त्या सानियाचं पण चांगलं झालं म्हणा. रफिकभाई आजच्या गाडीनं तिला नांदेडला सोडून राहिलेत, फुप्पीकडं. फुप्पीचं बाळंतपण झालंय, हाताखाली पोरगी पायजे होती. रफिकभाई आधी राजी नव्हते. पण बाईंनीच लिवलं ना, 'गृहकृत्यदक्ष, स्वयंपाकात विशेष रुची'. मग म्हणले, शाळेचं बघू पुढं."

आईचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला.

सानिया म्हणजे चौथीतली पहिली. रफिकभाई गाद्या भरतात. पाचवीला पोरीला रोज एसटीनं अहमदपूरला पाठवायचं की नाही, यावर त्यांचं वर्षभर हो-नाही चाललं होतं. मुलींचा पास फुकट आहे, हे सांगायला आई त्यांच्या घरी पाच वेळा गेली होती. शेवटी ते म्हणाले होते, "बाई, तुम्ही कार्डात काय लिवता ते बघतो. तुम्ही खरं लिवता." एका पोरीची पाचवी त्या चार ओळींवर अडली होती. आणि त्या चार ओळींत मी तिच्या हाती पोळपाट-लाटणं दिलं होतं!

"गाडी कधीची?" आईनं विचारलं.

"साडेअकराची."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"वही घे," आई म्हणाली. "फोन पण घे. स्कूटी काढ."

आई मागं एका हातानं माझी कॉलर धरून बसली. (पडू नये म्हणून, असं मी तेव्हा समजत होतो.) बसस्थानकात शिरलो तर नांदेडची गाडी फलाटाला लागलेली. खिडकीशी सानिया, मांडीवर दप्तर. नांदेडला भांडी घासायला निघालेल्या पोरीनं दप्तर घेतलं होतं! शेजारी रफिकभाई. आम्ही फलाटावर, खिडकीखाली उभे राहिलो.

"अरे बाई, सलाम! हातबित मोडलेला आन् तुम्ही कामून आल्या?"

आईनं उत्तर द्यायच्या आत सानिया बोलली. "बाई, तुम्ही मला स्वयंपाकात हुशार कामून लिवलं? मी चहा पण जाळते."

"हौ, जाळती," रफिकभाईंनी दुजोरा दिला. "आम्ही पण घरात तेच बोललो. पण बाईंनं लिवलंय म्हणजे शाळेत करत असंल."

"मी न्हाई लिवलं, रफिकभाई."

"सही तुमची हाय की."

"सही माझी हाय. न वाचता केली, ती चूक पण माझी हाय." मग आई माझ्याकडं वळली. "लिवलं ह्यानं. सांग रं."

गाडीत चाळीसेक माणसं होती. त्यातल्या निदान दहांना मी चार दिवसांपूर्वी, त्याच फलाटावर, मेंदू गहाण न टाकण्याबद्दल दरडावलं होतं. पुढच्या सीटवरचे एक काका तर माझ्याच पत्रकात भजी बांधून खात होते. 'आपला मेंदू' एवढंच वाचता येत होतं, बाकी तेलात गेलं होतं.

"ते... वेळ कमी होता," मी म्हणालो. "म्हणून यंत्राकडून लिहून घेतलं."

"कुठल्या यंत्राकडून?" काकांनी भजं खाली ठेवलं. त्यांनी पत्रकाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत पत्रकाकडं. "ह्यातल्याच का?"

कंडक्टरबाई तिकिटं फाडत मागून आल्या. "गाडी सोडायची हाय. काय चाललंय?"

आता मी बचावाचं भाषण सुरू केलं. दोष माझा नव्हता! "हेच मी सांगत होतो! हे यंत्रच असं आहे! मुलगी दिसली की स्वयंपाक, मुलगा दिसला की विज्ञान! ही बघा त्याची मानसिकता!" आणि आवेशात मी फोन उघडून पुरावाच वर धरला. पुरावा आधी स्वतः वाचावा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कंडक्टरबाईंनी खिडकीतून हात काढून फोन घेतला आणि थांब्यांची नावं पुकारायच्या आवाजात वाचला :

"'या मुलांना मी ओळखत नाही. शिक्षकांनी प्रत्येकाबद्दल प्रत्यक्ष काय पाहिले ते सांगावे. माहितीशिवाय लिहिलेली नोंद मुलांवर अन्याय करू शकते.' खाली ह्यानं लिवलंय, 'तूच ठरव. लवकर. मला पत्रक लिहायचंय.'"

मागच्या सीटवरचे उठून पुढं आले.

"त्याच्याखाली परत मशीन म्हणतंय, 'ठीक आहे. हा फक्त नमुना आहे. वापरण्याआधी शिक्षकांनी तपासावा.'" कंडक्टरबाईंनी फोन आईकडं दिला. "मशीनची पण चूक हाय, मॅडम. वळखत न्हाई म्हणलं ना, मग लिवायचंच न्हाई. पण त्यानं निदान इचारलं तरी. हा कोण हाय?"

"माझा पोरगा."

"हं," कंडक्टरबाई म्हणाल्या. एवढं मोठं 'हं' मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

'अन्याय' हा शब्द माझ्या घरात माझ्याआधीपासून राहतो. तो त्या यंत्रानं मला दाखवला, आणि मी त्याला 'लवकर' म्हटलं!

आई मात्र वेळ घालवणारी बाई नव्हे. तिनं फलाटावरच्या बाकावर बसून निळी वही उघडली. "फोन धर. मी सांगते ते त्यात टाक. एक शब्द तुझा न्हाई घालायचा." आणि ती वाचू लागली. 'सानिया. ऑगस्ट. खिचडीचा तांदूळ मोजताना म्हणाली, काटा खोटा आहे. बरोबर निघाले.' 'ऑक्टोबर. माझं फळ्यावरचं उदाहरण चुकलं, तिनं दाखवलं. मग माझ्यासाठी दुसरं सोपं काढून दिलं.'

मी टाकलं. यंत्रानं नोंद लिहिली नाही. त्यानं विचारलं : 'काटा चुकीचा आहे हे तिने कसे ओळखले? ते कळले तर नोंद नेमकी होईल.'

आई थांबली. वहीत ते नव्हतं.

"सानिया, कसं वळखलं गं तू?"

सानिया खिडकीतून अर्धी बाहेर आली. "किलोचा मिठाचा पुडा ठिवला बाई. सव्वा किलो दाखवलं. दोन ठिवले, तर सव्वादोन. तीन ठिवले, तर सव्वातीन. म्हणजे मीठ बरोबर हाय, काटाच आधीपासून पाव किलो पुढं हाय. रोज पोरांचा पाव किलो भात कमी पडून राहिला होता."

भजीवाल्या काकांनी हिशेब लावायला बोटं वर केली आणि सोडून दिली. "पोरगी लई खतरनाक हाय," ते म्हणाले.

रफिकभाई खिडकीशी सरकले. "बाई, ही घरी पण बोलली होती. कापसाच्या काट्याचं. म्या म्हणलं, गप, छोटं तोंड. दोन गिऱ्हाईकं भांडून गेली, गादी हलकी भरली म्हणून. म्या त्यांनाच खोटं ठरवलं."

"आता काय ठरवता?" आईनं विचारलं.

सगळी गाडी रफिकभाईंकडं बघू लागली. कंडक्टरबाईंचा हात घंटीच्या दोरीवर होता, पण ओढत नव्हता.

"नांदेडला तर जावं लागंल, बहीण वाट बघती," ते म्हणाले. "बाळ बघू. आठ दिवसांत वापस. पाचवीत नाव घाला. आन् बाई, कार्ड दुसरं द्या. हे घरात ठिवलं तर ही रोज मला वाचून दाखवंल."

सानियाचं उत्तर मी फोनमध्ये टाकलं आणि जुळून आलेली नोंद तिथंच उतरवली. कागद नव्हता म्हणून माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर. आईनं यावेळी चष्मा लावला, दोनदा वाचली, एक शब्द खोडायला लावला आणि डाव्या हातानं सही केली. सानियानं ती परत वाचली आणि मगच दप्तरात ठेवली. (आमच्या दोघांवर तिचा विश्वास राहिला नव्हता, आणि ते योग्यच होतं.)

"अकरा मिनटं लेट," कंडक्टरबाई म्हणाल्या. "कारण काय लिवू?"

"प्रगतिपत्रक," आई म्हणाली. गाडी गेली.

पुढचे चार दिवस उरलेल्या तेहतीस नोंदी झाल्या. आई वहीतून सांगायची, यंत्र उलट प्रश्न विचारायचं, आई कधी उत्तर द्यायची, कधी "तुला काय करायचंय!" म्हणून त्यालाच झापायची, आणि प्रत्येक नोंद दोनदा वाचून घ्यायची. मानव आणि यंत्राचं हातात हात घालून सुरेख चाललं होतं. त्यात माझं काम होतं ते फक्त लेखणी धरण्याचं. नव्या नोंदी गावात वाटायला मीच गेलो. टरबूजवाल्यांनी जुनं पत्रक परत द्यायला साफ नकार दिला. "ऱ्हाऊ द्या की जलतरण. पाणी येईल कधीतरी."

जूनमध्ये सानिया एसटीतून उतरली. पास गळ्यात आणि कापसाच्या काट्याची तक्रार तोंडात : अब्बांनी दुरुस्त करून आणला, तर आता छटाकभर मागं दाखवतोय.

माझी जादा छापलेली अडीचशे पत्रकं शिल्लक होती. बसस्थानकावरचा भजी विकणारा ती पुड्यांसाठी न्यायला घरी आला. एका पत्रकाच्या मागं आईनं डाव्या हातानं काहीतरी लिहून ते माझ्या टेबलावर, निळ्या वहीखाली ठेवलं होतं. वर्णनात्मक नोंद होती, माझी. आई खरं लिहिते हे तालुक्याला माहीत आहे, त्यामुळे अपील करायची सोय नाही :

'नाव : संघर्ष. अक्षर सुवाच्य. आवाज खणखणीत. जगाला वाचायला लावतो. स्वतः लिहिलेलं स्वतः वाचत नाही. याच वर्गात ठेवावे.'